दुसरं झबलं

१

माधवीबाईंच्या जेवणाच्या टेबलावर तान्ह्या बाळाचं एक झबलं पसरलेलं होतं, आणि समोरच्या खुर्चीत क्षितिजा डोळे पुसत बसली होती.

कासार आळीतल्या त्या घरात माधवी कर्णिक आणि त्यांचे यजमान प्रभाकरराव दोघंच राहत. बाईंनी बत्तीस वर्षं मुलींच्या शाळेत शिवणकाम शिकवलं. निवृत्त होऊन दहा वर्षं झाली तरी जुन्या विद्यार्थिनी यायच्या, कुणी ब्लाउज बेतून घ्यायला, कुणी नुसतंच बोलायला. क्षितिजा शेवटच्या तुकडीतली. मानकोलीच्या म्हात्र्यांच्या घरी दिलेली. आई लहानपणीच गेल्यामुळे तिचं बाळंतपण सासरीच झालं होतं. बाळ आता दीड महिन्याचं. त्याला लस टोचायला म्हणून ती नवऱ्याबरोबर भिवंडीत आली होती. नवरा औषधं आणायला गेला तेवढ्या वेळात ती जिना चढून वर आली आणि बाळाला प्रभाकररावांच्या मांडीवर देऊन तिनं पिशवीतून हे झबलं काढलं.

हिरव्या चौकड्यांचं, जुन्या लुगड्याचं कापड. धुऊन धुऊन सायीसारखं मऊ झालेलं. पाठीवर बांधायला चार बंद.

झालं होतं असं. तिच्या आजेसासूची, कमळआजींची, एक पत्र्याची पेटी होती. त्यात त्यांनी आयुष्यभर जपलेल्या वस्तू होत्या आणि किल्ली काळ्या दोऱ्यात गळ्यात असायची. बाळाच्या पाचवीच्या पूजेला आजींनी हे झबलं पेटीतून काढून सगळ्यांना दाखवलं. छप्पन्न वर्षांपूर्वीचं झबलं. बारशाला बाळाला हेच घालायचं, असं त्यांनी तेव्हाच सांगून टाकलं. मग त्यांच्या डोळ्याचं, मोतीबिंदूचं ऑपरेशन निघालं, म्हणून बारसं पुढे ढकललं. ऑपरेशनला जाताना अंगावरचं सगळं काढायला लावलं, तेव्हा किल्ली त्यांनी क्षितिजाच्या हातात दिली. दोन दिवस ती तिच्या उशीखाली होती. गेल्या आठवड्यात आजींनी झबलं धुवायला काढलं, हातात घेतलं, आणि म्हणाल्या, हे माजं न्हाय.

घरातल्यांनी ते फारसं मनावर घेतलं नाही. ऑपरेशननंतर रंग उजळ दिसतात, जुनी वस्तू नवी वाटते, असं डॉक्टरांनी सांगितलंच होतं. पेटीतल्या पाटल्या जागच्या जागी होत्या. सोनं सोडून झबलं कोण चोरणार? क्षितिजालाही तसंच वाटलं होतं. पण त्या संध्याकाळी आजी तिच्या खोलीत आल्या, दार लोटून घेतलं आणि झबलं तिच्यापुढे ठेवलं.

"काय म्हणाल्या?" बाईंनी विचारलं.

"म्हणाल्या, किल्ली तुझ्याजवळ होती. जुनेर बाळाच्या अंगाला नको वाटलं असेल तर तोंडावर सांगायचं होतंस. मी रागावले नसते." क्षितिजाचा आवाज परत भरून आला. "तेव्हापासून त्यांनी बाळाला मांडीवर घेतलेलं नाही, बाई. मी हे कुणालाच सांगितलं नाही. प्रितमलासुद्धा नाही. रविवारी बारसं आहे आणि त्या म्हणतात, मी वज्रेश्वरीला जाऊन राहीन, माझे गुडघे दुखतात."

बाईंनी चष्मा बदलला. झबलं उलटं केलं, शिवणीवरून नख फिरवलं, खिडकीशी नेऊन उजेडात धरलं. 

"तुझ्या आजेसासूच्या डोळ्यांना काही झालेलं नाही," शेवटी त्या म्हणाल्या. "हे झबलं महिन्याभराच्या आत शिवलेलं आहे."

२

कापड जुनं होतं, त्यात शंका नव्हती. तसा मऊपणा कुठल्याही दुकानात मिळत नाही. पण दोरा नवा होता, हल्लीच्या रिळाचा, चकाकणारा, न तुटणारा. पन्नास वर्षांपूर्वीचा सुती दोरा एव्हाना पिवळा पडून जागोजाग झिजला असता. शिवाय सगळं काम हातशिलाईचं होतं. मशीनवर दहा मिनिटांत झालं असतं ते कुणीतरी बसून टाका टाका घालून केलं होतं.

बाईंना आणखी एक गोष्ट दिसली होती, ती त्यांनी क्षितिजाला सांगितली नाही. टाके उलटे कललेले होते. उजव्या हाताची बाई दुमड घालते तेव्हा टाके एका बाजूला कलतात, डावरीचे दुसऱ्या बाजूला. बत्तीस वर्षांत दर वर्गात एखाददुसरी डावरी मुलगी असायचीच, आणि बाई वहीवरचं नाव न वाचता नमुन्यावरून ती ओळखायच्या.

दुसऱ्या दिवशी बारशाचं आंगडंटोपडं शिवून द्यायचं निमित्त करून त्या रिक्षानं मानकोलीला गेल्या. अंजूरफाट्यापासून पुढे कंटेनरच्या रांगेत रिक्षा अर्धा तास अडकली. म्हात्र्यांचं घर गोदामांच्या मागच्या बाजूला होतं, पुढे अजून थोडी भातशेती राखलेली.

ओसरीवर एक हडकुळी, ताठ कण्याची म्हातारी पाय पसरून बसली होती आणि तिच्या पायांवर उघडं बाळ होतं. उजव्या हातात तेलाची वाटी, डाव्या हातानं मालिश. बाळ सुखानं हुंकार देत होतं. ही पुतळाबाई, कमळआजींची नणंद. क्षितिजानं ओळख करून दिली, त्यांनी मान डोलावली आणि परत बाळाकडे बघायला लागल्या. नवरा गेल्यावर माहेरी आल्या त्या इथेच राहिल्या, त्यालाही आता पंचेचाळीस वर्षं झाली होती. स्वतःचं मूलबाळ नव्हतं.

कमळआजी आतल्या खोलीत काळा चष्मा लावून खाटेवर बसल्या होत्या. बाईंनी आडपडदा ठेवला नाही. आपण शिवणाच्या मास्तरीण आहोत, झबलं पाहिलं, आणि तुमचं म्हणणं बरोबर आहे, ते बदललेलं आहे, असं सरळ सांगितलं.

कमळआजींनी चष्मा काढला. आठवड्याभरात पहिल्यांदाच कुणीतरी त्यांचं खरं मानलं होतं.

"तुमाला कसं कललं?" त्यांनी विचारलं.

"दोऱ्यावरून. तुम्हाला?"

आजींनी उजव्या हाताची करंगळी वर केली. खऱ्या झबल्याला गळ्यापाशी एक टाका निसटलेला होता. पेटी उघडली की त्या नेहमी त्या फटीत करंगळी घालत. इतकी वर्षं. या झबल्याला फट नाही. डोळ्यांनी त्यांना काही कळलंच नव्हतं, बोटाला कळलं होतं.

बाईंनी पेटी बघायला मागितली. कमळआजींनी गळ्यातला दोरा काढून दिला. आत नवऱ्याची, महादूची, पानसुपारीची चंची होती, भाताच्या लोंब्यांची वाळून गेलेली जुडी होती, पाटल्या होत्या. एका बिस्किटाच्या डब्यात मुलाच्या, दौलतच्या वस्तू होत्या: मनगट्या, पहिली पाटी, फुटक्या चाकाची लाकडी गाडी, जावळाची पुरचुंडी. सगळं डब्यात नीट रचलेलं. झबलं मात्र त्यात नसायचं. ते पेटीच्या तळाशी वेगळ्या पांढऱ्या फडक्यात बांधलेलं असे. रिकामं फडकं अजून तिथे होतं.

"झबलं दौलतभाऊंचंच ना?" बाईंनी सहज विचारलं.

"ह्या घरातल्या पोराचं," कमळआजी म्हणाल्या आणि पेटीचं झाकण लावून टाकलं.

मग त्या खालच्या आवाजात क्षितिजाबद्दल बोलल्या. पोर वाईट नाही, असं म्हणाल्या. पण किल्ली तिच्याकडेच होती, आणि जुनं ते सगळं फेकायचं असं हल्लीच्या पोरींना वाटतंच. बाईंनी एवढंच विचारलं, की त्या दोन दिवसांत क्षितिजाच्या खोलीत कोण कोण येत होतं.

"घरातलीच," आजी म्हणाल्या. "प्रितम, उन्नती, पुतला. परकं कोन येनार?"

३

प्रितमशी बाईंचं बोलणं अंगणात गाडीपाशी झालं. क्षितिजाचा नवरा, तीस वर्षांचा, बोलायला मोकळा. त्यानं आपणहून कबूल केलं, की जुनं झबलं बाळाला घालायला त्याचा विरोध होता. पेटीत छप्पन्न वर्षं पडलेलं कापड, बाळाला पुरळ उठलं तर? डॉक्टरांनाही त्यानं विचारलं होतं. डॉक्टर म्हणाले, उकळत्या पाण्यातून काढा आणि तासभर घाला, काही होत नाही. मग त्यानं तो विषय सोडला.

बाईंनी त्याचे हात पाहिले. शर्टाचं एक बटण तुटलेलं होतं आणि तिथे त्यानं सेफ्टी पिन लावली होती. एवढे बारीक टाके घालणारा माणूस हा नव्हे.

निघताना त्यानं मोबाईल काढला. पाचवीच्या दिवशी आजींनी झबलं दाखवलं तेव्हा त्याचा फोटो काढला होता, कामाला येईल तर बघा, म्हणून त्यानं तो बाईंना पाठवून दिला.

उन्नती वरच्या मजल्यावर राहायची. प्रितमची बहीण, बाळाची आत्या, लग्न ठरलेलं. तिची खोली म्हणजे छोटं दुकानच होतं. दोन मशीनं, भिंतीवर कापडाचे तुकडे, लटकवलेले लेहंगे. ती बाईंना बघून खूश झाली आणि लगेच कळ्यांच्या घाघऱ्याची एक अडचण विचारली. ती सोडवून झाल्यावर बाईंनी झबल्याचा विषय काढला.

उन्नतीनं काही लपवलं नाही. झबलं पाचवीला पाहिलं आणि आपण वेड्या झालो, असं ती म्हणाली. असलं काम आता कुठे बघायला मिळतं? काचेच्या चौकटीत लावून हॉलमध्ये ठेवू, असं तिनं आजीला दोनदा सांगितलं. आजी म्हणाली, ते भिंतीवर लावायचं न्हाय.

"मग?"

"मग काय, राहिलं," उन्नती म्हणाली. "पण खरं सांगू का बाई, मला अजून वाटतं. पेटीत कुजून जाणार ते. मी असते तर तसंच दुसरं शिवून आजीला दिलं असतं आणि खरं जपून ठेवलं असतं."

असं म्हणून ती हसली, समोरच्या कापडावर खडूची रेघ मारली आणि कात्री उचलली. कात्री तिनं डाव्या हातात घेतली.

परतीच्या रिक्षात बाई मनाशी हिशेब मांडत होत्या. सगळं जुळत होतं. मुलगी डावरी, शिवणारी, झबल्यावर मन बसलेलं, किल्ली ठेवलेल्या खोलीत रोजचं येणं-जाणं. शिवाय काय करायचं तेही स्वतःच्या तोंडानं सांगून मोकळी झालेली. क्षितिजाला फोन करून सांगावं, की तुझी नणंद आहे, तिच्याशी गोडीत बोल आणि झबलं परत घे. वाद संपेल.

पण त्यांनी फोन केला नाही. ज्या मुलीच्या खोलीत दोन मशीनं आहेत तिनं अख्खं झबलं हातानं का शिवावं? आणि ते जुनं कापड तिला कुठून मिळालं?

संध्याकाळी प्रभाकररावांनी प्रितमचा फोटो कॉम्प्युटरच्या मोठ्या पडद्यावर काढून दिला. पांढऱ्या पंचावर ठेवलेलं खरं झबलं. गळ्यापाशी निसटलेला टाका स्पष्ट दिसत होता. दोरा पिवळा, झिजलेला. शिवणारी उजव्या हाताची, हात सफाईदार. बाई एकेक शिवण बघत खाली आल्या, बंदांपर्यंत. पहिला बंद, दुसरा, तिसरा.

चौथ्यावर त्या थांबल्या आणि प्रभाकररावांना म्हणाल्या, "अजून मोठं करा."

चौथा बंद कधीतरी तुटला होता आणि कुणीतरी परत लावला होता. घाईघाईनं, जाड टाक्यांनी. दोरा तोच, तितकाच पिवळा, तितकाच जुना. आणि टाके उलटे कललेले.

४

बाई त्या रात्री नेहमीपेक्षा लवकर झोपल्या. सकाळी उठल्या तेव्हा मनात एकच वाक्य होतं: बंद लावणारी डावरी आणि आताचं झबलं शिवणारी डावरी एकच असेल, तर ती छप्पन्न वर्षांपूर्वी त्या घरात होती. उन्नतीचे वडील दौलत तेव्हा नुकते जन्मले होते.

त्या काळातल्या, त्या घरच्या दोनच बायका आज जिवंत होत्या: घरची सून आणि घरची लेक. कमळआजींनी किल्लीचा दोरा उजव्या हातानं सोडून दिला होता, करंगळीही उजवीच दाखवली होती. राहिली ती ओसरीवर बसून डाव्या हातानं बाळाला तेल लावणारी.

गुरुवारी दुपारी त्या पुन्हा मानकोलीला गेल्या तेव्हा घर सामसूम होतं. पुतळाबाई मागच्या पडवीतल्या आपल्या खोलीत लसूण सोलत होत्या. खोलीत एक खाट, देवाचा फोटो, दोरीवर दोन लुगडी. खाटेवर गोधडी अंथरलेली होती, आईच्या जुन्या लुगड्यांची, असं त्यांनी विचारल्यावर सांगितलं. बाईंनी गोधडीवर हात फिरवला. मधल्या भागात हिरव्या चौकड्यांचे मोठाले तुकडे होते. एका कोपऱ्यात तसाच एक तुकडा असायला हवा होता, तिथे निळ्या नव्या कापडाचं ठिगळ होतं.

बाई खाटेच्या कडेला टेकल्या. झबल्याबद्दल काही विचारलं नाही. जुन्या काळी हातशिलाई किती सुरेख असायची, एवढंच म्हणाल्या.

पुतळाबाईंचा चेहरा उजळला. "माजी आय शिवायची. त्या साली सात दिस बसून झबली शिवली तिनं. एका लुगड्याची, सारकी." बोलता बोलता त्या थबकल्या. "झबलं," त्या म्हणाल्या. "दौलतचं."

लसणाच्या पाकळीवर त्यांचा डावा अंगठा तसाच राहिला.

 बाई अगदी हळू बोलल्या. झबली दोन होती. एक दौलतचं. दुसऱ्याचा बंद तुटला तेव्हा तो तुम्ही लावलात, डाव्या हातानं. पाचवीला कमळताईंनी झबलं काढलं तेव्हा तुम्ही तो बंद ओळखलात. क्षितिजाच्या उशीखालून किल्ली घेतलीत आणि परत ठेवलीत.

पुतळाबाई नाही म्हणाल्या नाहीत. त्यांनी लसणाची सुपली बाजूला सारली, उशीच्या खोळीत हात घातला आणि आतून घडी केलेलं झबलं काढून मांडीवर ठेवलं.

त्या साली त्या पहिलटकरीण होत्या, अठरा वर्षांच्या. बाळंतपणाला माहेरी आल्या होत्या. वहिनीला दौलत झाला आणि चार दिवसांनी यांनाही मुलगा झाला. नऊ दिवस जगला. बारसंसुद्धा झालं नाही. आईनं त्याचं सगळं, दुपटी, टोपडी, झबलं, एका फडक्यात बांधून खाडीत सोडायला पाठवलं. घरात ठेवायचं नसतं, म्हणाली. आणि पुढे कुणी त्याचं नाव काढायचं नाही असंही ठरलं, कारण दौलत तान्हा होता, घरात रडारड नको. कुणी काढलं नाही. नाव काढायला त्याला नावच नव्हतं.

"सुई धरू नको, वली बालंतीण हायस, म्हणून आय वरडली व्हती," पुतळाबाई बंदावरून बोट फिरवत म्हणाल्या. "तरी मी लावला. तेवढंच त्याचं मी केलंय."

पाचवीला वहिनीनं झबलं काढलं आणि त्यांना तो बंद दिसला. आईनं चुकून दौलतचं झबलं खाडीत पाठवलं आणि यांचं राहिलं, हे त्यांना तेव्हा कळलं. आता हे बाळाच्या अंगावर घालणार. जे मूल जगलं नाही त्याचं कापड. सांगावं, तर ऐन आनंदाच्या दिवशी वहिनीला कसं सांगायचं, की छप्पन्न वर्षं तू जपलंस ते तुझ्या पोराचं नव्हे? म्हणून त्यांनी गोधडी उसवली आणि दुसरं शिवलं. आईनं कसं बेतलं होतं ते त्यांना पाठ होतं.

"आनि मना हे पायजे व्हतं," त्या म्हणाल्या. "माज्याकडं त्याचं कायच न्हाय."

बाईंनी त्यांना क्षितिजावर आलेल्या आळाची गोष्ट सांगितली. ती पुतळाबाईंना ठाऊक नव्हती. त्यांनाही इतरांसारखं वाटलं होतं, की वहिनीला डोळ्यामुळे भास झाला आणि चार दिवसांत विसरेल. 

"पोरीला आय न्हाय," त्या म्हणाल्या आणि खाटेचा आधार घेऊन उठल्या. "चला. आताच सांगते."

"थांबा," बाई म्हणाल्या. "तुम्ही एक गोष्ट चुकीची धरलीत. तुमच्या आईच्या हातून काहीच चुकलं नव्हतं."

५

पुतळाबाई परत खाली बसल्या. बाईंनी त्यांना कालपासून मनात घोळत असलेलं सांगितलं.

कमळताईंना झबलं बदललेलं कळलं ते कशावरून? गळ्यापाशी एक टाका निसटलेला नाही, यावरून. ज्या बाईला एक टाका बोटानं कळतो, तिला दुसऱ्याच्या बाळाचं झबलं छप्पन्न वर्षं आपल्या बाळाचं वाटत राहील? दौलतच्या सगळ्या वस्तू एका डब्यात आहेत. हे झबलं त्या डब्यात कधीच नव्हतं. ते वेगळ्या फडक्यात, तळाशी असायचं. आणि मी दौलतचंच ना, असं विचारलं तेव्हा त्या हो म्हणाल्या नाहीत. ह्या घरातल्या पोराचं, म्हणाल्या.

"त्यांना पहिल्यापासून माहीत आहे," बाई म्हणाल्या. "का, ते मला सांगता येणार नाही. ते त्यांनाच विचारा."

पुतळाबाई झबलं हातात घेऊन पुढे, बाई मागे, अशा त्या आतल्या खोलीत गेल्या. क्षितिजा आजींच्या डोळ्यात औषध घालून बाटलीचं झाकण लावत होती. पुतळाबाईंनी झबलं कमळआजींच्या मांडीवर ठेवलं. आजींचे डोळे मिटलेले होते. त्यांचा हात कापडावरून फिरला, गळ्यापाशी गेला, आणि करंगळी फटीत शिरली.

"मी घेतलं व्हतं, वयनी," पुतळाबाई म्हणाल्या. "ह्या पोरीनं न्हाय."

कमळआजींनी डोळे उघडले. औषधाचं पाणी गालावर ओघळलं, ते त्यांनी पुसलं नाही. 

मग आजी बोलल्या, तुटक तुटक. पुतळीला तेव्हा ताप भरला होता आणि तिचं दूध आटलं होतं. नऊपैकी सहा दिवस कमळनं दोघांना पाजलं, एक इकडे, एक तिकडे. तो गेला आणि सासूनं गाठोडं बांधलं. ती पाणी आणायला गेली तेवढ्यात कमळनं गाठोडं सोडलं, त्याचं झबलं काढून घेतलं आणि दौलतचं आत घातलं. मोजायला दोन होती, एक गेलं, एक राहिलं. सासूला कळलं नाही.

"दौलतचं सोडलं पान्यात. त्याला काय, तो जगला व्हता. त्याला दुसरं आलं असतं."

"मंग मना का न्हाय दिलंस?" पुतळाबाईंनी विचारलं. त्यांच्या आवाजात राग नव्हता.

"द्यायलाच ठेवलं व्हतं. सासू गेल्यावर देऊ म्हनलं. मंग तू विधवा हून आलीस, तवा कसं देऊ? मंग हसायला लागलीस, तर वाटायचं, आता हसते, कशाला. असं करता करता ऱ्हायलं." त्या थांबल्या. "बारशाला बाळाच्या अंगावर घालनार व्हते आनि तवाच तुला सांगनार व्हते. तो बी ह्याच घरात जलमला. त्याचं बी कायतरी वाढाय नको का?"

माधवीबाई दारात उभ्या होत्या. आपण आता इथे नसावं असं त्यांना वाटलं, पण पाय निघेना.

पुतळाबाई खाटेवर वहिनीच्या शेजारी टेकल्या.  अशुभाची भीती इतकी वर्षं मनात बसलेली, ती एका वाक्यानं जाणारी नव्हती.

"तुज्या मनात नसंल तर नको घालू," कमळआजी म्हणाल्या. मग त्यांनी विचारलं, "नाव काय ठेवनार व्हतीस त्याचं?"

छप्पन्न वर्षांत हे त्यांना कुणीही विचारलं नव्हतं. पुतळाबाईंनी वहिनीच्या मांडीवरच्या झबल्यावर हात ठेवला. 

"राघो."

कमळआजींनी मान हलवली, जणू नाव पसंत पडलं. मग त्यांनी भिंतीला टेकून उभ्या असलेल्या क्षितिजाला हाक मारली. "पोरी, माजं चुकलं," त्या म्हणाल्या, आणि दोन्ही हात पुढे केले. क्षितिजा बाहेर गेली आणि बाळाला घेऊन आली.

रविवारी बारसं झालं. गोदामांच्या पत्र्यांवर ऊन तापलं होतं, अंगणात मांडव, बायकांची गाणी, प्रितमची धावपळ. झबलं पुतळाबाईंनी स्वतः उकळत्या पाण्यातून काढून वाळवलं होतं आणि स्वतःच्या हातानं बाळाला घातलं होतं. आत्या म्हणून उन्नतीनं पाळण्यावर वाकून बाळाच्या कानात देवेश हे नाव सांगितलं. मग आधीच ठरल्याप्रमाणे तिनं पुतळाबाईंचा हात धरून त्यांना पुढे आणलं. पुतळाबाई वाकल्या. कानात सांगायचं नाव त्यांनी इतकं स्पष्ट सांगितलं की मांडवाच्या टोकाला उभ्या असलेल्या माधवीबाईंनासुद्धा ते ऐकू आलं.

दौलतनाही ऐकू आलं. पाहुणे जेवायला बसल्यावर ते आईजवळ आले. छप्पन्न वर्षांचा, पिकल्या मिशांचा, गावात मान असलेला माणूस. पुतळाआत्या काय म्हणाली, राघो कोण, असं त्यांनी विचारलं.

कमळआजी खुर्चीत जरा सरकल्या आणि शेजारच्या खुर्चीवर हात ठेवला.

"बस हितं," त्या म्हणाल्या. "तुज्याबरोबर आनखी एक जन व्हता."